बिराचा उजवा गुडघा

त्या बटालियनमध्ये हजर झालो तेव्हा माझी चौदा वर्षांची नोकरी झाली होती. हुद्दा हवालदार, काम नर्सिंग असिस्टंट. नर्सिंग असिस्टंट म्हणजे डॉक्टर नव्हे. बटालियनला एक मेडिकल ऑफिसर असतो आणि त्याच्या हाताखाली आम्ही दोघं-तिघं. जखमा धुणं, इंजेक्शन देणं, रजिस्टर लिहिणं, वेळ पडली तर जवानाला पाठीवर घेऊन डोंगर उतरणं, ही आमची कामं. जवान आम्हाला ‘डॉक्टरसाब’ म्हणतात. पहिलं वर्षभर आम्ही ‘मी डॉक्टर नाही’ असं सांगतो. पुढं सांगायचा कंटाळा येतो.

युनिट तेव्हा पीस स्टेशनला होतं. म्हणजे सीमेपासून लांब, शांत ठिकाणी. पहाटे साडेपाचला पीटी, सातला सिक रिपोर्ट म्हणजे आजारी जवानांची तपासणी, संध्याकाळी साडेचारला गेम्स. शांततेच्या काळात फौजेत खेळाला फार महत्त्व असतं. त्यामुळे सिक रिपोर्टला येणाऱ्यांपैकी निम्मे जण गुडघा, घोटा नाहीतर खांदा धरूनच यायचे. मी आधी एका लष्करी इस्पितळात फिजिओ विभागात तीन वर्षं काढली होती. म्हणून खेळाडू माझ्याकडे सोपवले गेले.

मेडिकल ऑफिसर एक कॅप्टन मॅडम होत्या. वयानं माझ्यापेक्षा लहान. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं, “हवालदार साब, जो दिखे वो रजिस्टर में लिखो. जो लगे वो भी लिखो. काटना मेरा काम है.”

बिरा आमच्या कबड्डी टीमचा चढाईपटू. वय चोवीस. आटपाडी तालुक्यातल्या एका वाडीचा. घरी मेंढरं, आणि अलीकडे लावलेली थोडी डाळिंबं. अंगानं किरकोळ, पण त्याचा पाय धरायला गेलेला माणूस रिकाम्या हातानं उठायचा. माझं गाव मेढ्याजवळ, जावळीत. पहिल्यांदा पट्टी बांधायला आला तेव्हा म्हणाला, “उस्ताद, तुमी सातारकडचं न्हवं?”

“मेढा.”

“मग घरचंच की.”

त्यानंतर काही कारण नसतानाही तो येऊन बसायचा. आपली बोली ऐकायला मिळते म्हणून मलाही बरं वाटायचं.

त्याचा गुडघा पहिल्यांदा गेला तो सरावात, संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी. मी मैदानाच्या कडेला होतो. चढाई करून परत वळताना उजवा पाय जमिनीत रुतल्यासारखा राहिला आणि शरीर फिरलं. ‘टक्’ असा आवाज त्याला स्वतःला ऐकू आला. सात वाजेपर्यंत गुडघा नारळाएवढा सुजला. सूज दुसऱ्या दिवशी आली तर एक वेळ ठीक. दोन तासांत आली तर आत रक्त साठलेलं असतं, आणि रक्त साठलं तर आत काहीतरी तुटलेलं असण्याचीच शक्यता जास्त.

एक्स-रे काढला. स्वच्छ होता. एक्स-रेमध्ये हाड दिसतं, हाडांना बांधून ठेवणारं लिगामेंट दिसत नाही. हे टीमच्या सुभेदारसाहेबांना मी दोनदा समजावलं. मॅडमनी लिहिलं: तीन आठवडे विश्रांती, सूज उतरल्यावर पुन्हा तपासणी, गुडघा सैल लागला तर एमआरआय. पण त्याच आठवड्यात त्या महिनाभराच्या कोर्सला गेल्या. त्यांच्या जागी शेजारच्या युनिटचे डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे आणि रजिस्टर बघून सह्या करायचे. जे रजिस्टरमध्ये, ते त्यांना कळणार.

तिसऱ्या आठवड्यात मी त्याला टेबलावर झोपवलं. ही तपासणी साधी असते. गुडघा थोडा वाकवायचा. एका हातानं मांडी घट्ट धरायची, दुसऱ्यानं नडगीचं हाड वरच्या टोकाशी धरून पुढं ओढायचं. धड गुडघ्यात ते किंचित सरकतं आणि खटकन थांबतं. आतली दोरी ताणली गेल्याचं हाताला कळतं. आधी डावा गुडघा बघितला. थांबला. मग उजवा बघितला. तो थांबला नाही. लोण्यात बोट जावं तसं हाड पुढं आलं.

“काय हाय?” बिरानं विचारलं.

“आतलं लिगामेंट गेलंय. एसीएल.”

“मग?”

“मग एमआरआय. भौतेक ऑपरेशन. वरीसभर खेळ बंद.”

तो उठून बसला. “उस्ताद, लिवू नगासा. फुडल्या महिन्यात निवड हाय. लिवलं की मी टीममधनं गेलो. परत कोन घेतंय?”

“चालताना दुखतंय?”

“न्हाई.”

“जिना उतरताना पाय सटकल्यागत हुतोय?”

“कवातरी.”

मी रजिस्टर उघडलं आणि लिहिलं: सूज नाही, वेदना नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. आठ दिवसांनी त्याची रजा होती. माझीही. रजेवरून आल्यावर बाकीचं लिहू, असं मी ठरवलं.

बिराच्या वाडीची जत्रा त्या रजेत होती. त्यानं बोलावलं म्हणून मी साताऱ्याहून विटा आणि विट्याहून आटपाडी असा एसटीनं गेलो. फोनवर त्याला सांगितलं होतं की जत्रेतल्या कबड्डीच्या सामन्यांत खेळायचं नाही. दुपारी तीनला पोचलो तर फळ्यावर त्याचं नाव लिहिलेलं.

त्याचे वडील, आबा, मला तिथं पहिल्यांदा भेटले. उभट, काळसावळा माणूस, आयुष्यभर मेंढरांमागं चालल्यानं पोटऱ्या दगडासारख्या. त्यांना गुडघ्याचं काहीच माहीत नव्हतं. मुलगा खेळायला का-कू करतोय, एवढंच त्यांना दिसत होतं.

“आरं, गावची टीम हाय,” ते बिराला म्हणाले. “फौजंतला गडी बगाया चार वाड्यांची मानसं आल्यात. येकच मॅच खेळ, माज्यासाटी.”

बिरानं माझ्याकडे बघितलं. माझा एक शब्द पुरला असता. मी आबांना बाजूला घेऊन सांगू शकलो असतो. माझ्या पिशवीत गुडघा बांधायची टेप होती. म्हणजे मी काय समजून घरातनं निघालो होतो, हे उघड आहे. मी देवळाच्या कट्ट्यावर त्याचा गुडघा बांधला. चांगला बांधला.

पहिल्या डावात त्यानं तीन चढाया मारल्या. लोकांनी पटके उडवले. दुसऱ्या डावात, साधारण पाच वाजता, तो एक गडी बाद करून परत वळला आणि खाली पडला. त्याला कुणाचा हातही लागला नव्हता. मी पोचलो तेव्हा गुडघा अर्धवट वाकलेल्या स्थितीत अडकला होता. सरळ होत नव्हता. पलीकडच्या टीमनं पाय मोडला म्हणून वाडीची पोरं भांडायला धावली. आबाच त्यांना आवरत होते.

जीपमध्ये घालून त्याला सांगलीला नेलं. सांगलीत हाडाच्या डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी एमआरआय बघितला. आत मी आणि बिरा. आबा बाहेर बाकड्यावर.

“लिगामेंट जुनंच तुटलंय,” डॉक्टर म्हणाले. “आता सांध्यातली गादीही फाटून मधे अडकलीय. पहिली दुखापत कधीची?”

“पाच आठवडे झाले,” मी म्हणालो.

“तपासलं कुणी?”

“मी.”

“तेव्हा कळलं नव्हतं?”

“कळलं होतं.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग पुन्हा उचललं आणि पुढं लिहायला लागले. बिरा छताकडे बघत होता.

बाहेर आलो तर आबा उभे राहिले. “मीच म्हनलो न्हवं त्याला खेळ म्हनून,” ते म्हणाले. “माज्यापायी झालं.”

मी म्हणालो, “आबा, च्या घेतासा का?”

युनिटला परतल्यावर मी मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी रजिस्टर मागवलं, ते पान काढलं, माझ्यापुढं ठेवलं. “ये क्या है?” एवढंच विचारलं. माझ्या रेकॉर्डवर ताकीद आली. बिराचं ऑपरेशन पुण्याला झालं. मांडीमागची एक कंडरा काढून तिचं नवीन लिगामेंट बसवलं, गादी शिवली. तो परत आल्यावर मॅडम म्हणाल्या, “अब इसको आप खडा करेंगे. रोज लिखेंगे.”

मी रोज लिहिलं. लोकांना वाटतं ऑपरेशन झालं की पाय बरा झाला. ऑपरेशनला दोन तास लागतात. त्यानंतरचे दहा-अकरा महिने कुणी मोजत नाही. पहिल्या दिवशी फक्त टाच टॉवेलवर ठेवून गुडघा खाली दाबायचा. मांडीचा स्नायू झोपलेला असतो, त्याला जागं करायचं. मग वाकवणं, रोज थोडं थोडं. मग कुबड्या सोडणं. पायरी चढणं, त्याहून अवघड पायरी उतरणं. चौथ्या महिन्यात हळू पळणं. त्यानंतर एका पायावर उडी, आणि सगळ्यात शेवटी वळणं. वळण शेवटी, कारण तुटतं ते वळतानाच.

बिरा मध्येच कंटाळायचा. एकदा म्हणाला, “उस्ताद, मेंढरं राखाया येवढा पाय बास हाय. कशाला मराय लागलोय?”

“झालं बोलून?” मी म्हणालो. “आता आजून धा.”

त्यानं अजून दहा मारले.

वर्षभरानं मेडिकल बोर्ड होतं. तोवर तो लो मेडिकल कॅटेगरीत होता, म्हणजे हलकं काम, उंचीवरची ड्यूटी नाही. बोर्डाच्या आधी मॅडमनी मला बोलावलं. “आपका हाथ क्या बोलता है?”

मी त्याच सकाळी तपासलं होतं. हाड सरकलं आणि खटकन थांबलं. दोन्ही पाय सारखे. एका पायावरच्या उडीत उजवा डाव्याच्या बरोबरीनं पडत होता. मी सगळं लिहून दिलं होतं.

“फिट है मॅडम.”

बिरा फिट झाला. त्या संध्याकाळी त्यानं मला कँटीनमध्ये जिलेबी खाऊ घातली. टीममध्ये तोवर दुसरी पोरं आली होती, पण त्याचं त्याला फार वाटलं नाही. चार महिन्यांनी युनिट वर, बर्फातल्या सीमेवर गेलं. कॅटेगरी लो असती तर तो खाली रिअरमध्ये, मागच्या तळावर राहिला असता.

वरचं फारसं सांगण्यासारखं नसतं. बर्फ, रॉकेलचा वास, हिमदंशासाठी सकाळ-संध्याकाळ बोटं तपासणं. दोन पोस्टमधला रस्ता उघडा आहे का हे बघायला लिंक पेट्रोल जायची. पाच माणसं, एका दोराला बांधलेली. त्या दिवशी पेट्रोल सकाळी आठला निघाली. बिरा तिसरा होता. निघताना मी पाचही जणांचे पाय बघितले. तो म्हणाला, “आमचा गुडगा न्हाई बगायचा?” मी म्हणालो, “चल, नीघ.”

दहा वाजून दहा मिनिटांनी वायरलेस सेट वाजला.

“कंट्रोल, एव्हलांच. रिपीट, एव्हलांच. ओव्हर.”

“कितने आदमी? ओव्हर.”

“दो बाहर हैं. तीन नहीं दिख रहे. ओव्हर.”

हिमस्खलन झालेल्या उतारावर आम्ही अकराला पोचलो. मागचे दोघं वर होते. दोर त्यांच्यापुढंच तुटला होता. नायक संभाजी आणि लान्स नायक दत्ता दुपारी सापडले. बिरा दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास सापडला, चार फूट खाली.

पार्थिवं साफ करून बांधणं माझं काम होतं. गोठलेल्या देहाचा सांधा तपासून काही कळत नसतं. हे मला पक्कं माहीत होतं. तरी माझा एक हात मांडीवर गेला आणि दुसरा नडगीच्या हाडावर. काही हललं नाही. मी तसाच थोडा वेळ धरून राहिलो. मग पुढचं काम केलं.

त्याच्याबरोबर वाडीला मला पाठवलं, बोली एक म्हणून. गर्दी खूप होती. पोलीस, शाळेची मुलं, पुढारी. सलामीच्या आधी आबा माझ्याजवळ आले. हळूच विचारलं, “साहेब, शेवटाला पाय दुकत व्हता का त्याचा? पळाया आलं न्हाई का?”

“न्हाई आबा. सगळा उतारच खाली आला. कुनालाच पळता आलं नसतं.”

“मी खेळाया लावलं नसतं तर त्यो पाय धड ऱ्हायला असता.”

तेवढ्यात कमांड दिली गेली. मी सावधान झालो. सलामीनंतर मला सांगता आलं असतं. सांगितलं नाही.

सात वर्षं झाली. मी निवृत्त होऊन कराडला आलो. एका फिजिओथेरपिस्ट बाईंच्या केंद्रात त्यांचा मदतनीस म्हणून काम करतो. सकाळी आठ ते दुपारी दोन. पैलवान येतात, भरतीसाठी पळणारी पोरं येतात, कबड्डीच्या मुली येतात. थकायला होतं. लोकांना पाय परवाच्या सामन्याआधी बरा हवा असतो.

गेल्या हिवाळ्यात वाळव्याकडची एक मुलगी आली. अकरावीला. बरोबर वडील आणि कोच. कोचनं एक्स-रे उजेडाला धरला. “क्लिअर हाय सर. परवा मॅच हाय. तेवढी येक पट्टी बांदून खेळू द्या.”

मी तिला टेबलावर घेतलं. आधी धड पाय, मग दुखरा. दुखरा थांबला नाही. बाईंना बोलावलं. त्यांनीही बघितलं आणि मान हलवली. मुलीनं माझ्या हातातल्या पेनाकडे बघून म्हटलं, “सर, लिहू नका ना.”

मी लिहिलं. एमआरआयची चिठ्ठी तिच्या वडिलांच्या हातात दिली आणि कोचला सांगितलं, सहा महिने तरी हिचं नाव घेऊ नका, पुढचं एमआरआयनंतर बोलू. मुलगी रडली. वडील दारात थांबले. मला म्हणाले, “गेल्या आटवड्यात दुकतंय म्हनत व्हती. मीच म्हनलो, थोडं दुकलं म्हनून काय झालं, खेळ.”

“तुमची चूक न्हाई,” मी म्हणालो. “लिगामेंट तवाच गेलं असणार. आता आनलंसा हे बरं केलंसा.”

त्यांचा चेहरा मोकळा झालेला मला दिसला. दुसऱ्या दिवशी मी बाईंकडे सुट्टी मागितली आणि आटपाडीची एसटी धरली.

आबा अंगणात काथ्या वळत बसले होते. खूप वाकले होते. मी वर्षातनं एकदा जायचो, म्हणून त्यांना नवल वाटलं नाही. मावशींनी, म्हणजे बिराच्या आईनं, पाणी आणून दिलं.

मी बसलो आणि सांगितलं. सरावात गुडघा गेला तो दिवस. मी तपासलं तो दिवस. मला कळलं होतं, आणि मी लिहिलं नाही. जत्रेत खेळायच्या आधीच लिगामेंट तुटलेलं होतं. हे बिराला माहीत होतं आणि मला माहीत होतं. माहीत नसलेले फक्त तुम्ही होता. तरी मीच त्याला बांधून आत सोडला. आणि नंतर पाय पूर्ण बरा केला, तोही मीच. बरा झाला म्हणून तो वर गेला.

आबांचा हात थांबला होता.

“म्हंजे मी म्हनायच्या आदीच तुटलं व्हतं?”

“व्हय.”

“मी न्हाई मोडला?”

“न्हाई आबा.”

ते आत तोंड करून म्हणाले, “आगं, आयकलंस का? माज्यामुळं न्हवतं गं.”

मावशी दाराशीच उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या माझ्याकडे बघत होत्या.

“सात वरसं ह्यो मानूस धड झोपला न्हाई,” त्या म्हणाल्या. “दर साली येत व्हतासा. हितंच बसून जेवत व्हतासा. तुमाला ठावं व्हतं?”

“व्हय मावशी.”

त्या आत गेल्या. पुन्हा बाहेर आल्या नाहीत. मीही थांबलो नाही. आबा मात्र उठले. फाट्यापर्यंत येतो म्हणाले. अर्धा मैल माळ. ते पुढं, मी मागं. मला वाटलं होतं ते काहीतरी बोलतील, शिव्या देतील. मी त्याला तयार होतो.

तळ्याच्या बांधावर ते थांबले. म्हणाले, “पाय लय मागनं आला. आदी त्याचा दम हुता. धा वर्साचा आसल. हितनं सुटायचा, कबड्डी कबड्डी म्हनत. मेंढरं बुजायची. मी वरडायचो.”

मग त्यांनी स्वतःच छाती भरून घेतली आणि चालायला लागले. “कबड्डी, कबड्डी, कबड्डी, कबड्डी...” आठ-दहा वेळा झालं असेल. पहिल्या बाभळीच्या अलीकडंच दम सुटला. गुडघ्यांवर हात टेकून उभे राहिले. मी जाऊन त्यांचा दंड धरला. त्यांनी सोडवून घेतला नाही.

“हितनं घरापतोर जायचा त्यो,” आबा म्हणाले. “येका दमात.”